कॅमेऱ्याचा वाटा

विकतचा मासा आणि बाबांनी मारलेला मासा, यांत आमच्या घरी फरक केला जाई. विकतचा मासा आई सिंकमध्ये नळाखाली साफ करायची आणि साफ करता करता खांदा आणि कान यांच्यात फोन धरून मावशीशी बोलायची. बाबांच्या माशासाठी मात्र ती विळी घेऊन खाली बसायची. दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या वन बेडरूमच्या स्वयंपाकघरात एक माणूस खाली बसला की दुसऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही, तरी ती बसायची. फोन वाजला तर वाजू द्यायची. वाटण मिक्सरमध्येच व्हायचं, आणि नेमकं तेव्हाच आमच्या बिल्डिंगवरून एखादं विमान उतरायला खाली आलेलं असे. मिक्सर आणि विमान दोन्ही थांबले की खिडकीतल्या ए.सी.ची घरघर तेवढी उरायची. बाबा ती घरघर ऐकत जेवायचे. ते ए.सी. मेंटेनन्समध्ये सुपरवायझर आहेत. शेजारच्या फ्लॅटचा कॉम्प्रेसर आता किती दिवस टिकेल हे ते भाताचा घास हातात धरून सांगतात, आणि ते बहुतेक वेळा खरं ठरतं.

घरात बोलणं तसं कमीच. बाबा मालवणीत बोलतात, आई मराठीत, मी लहानपणापासून दोघांनाही इंग्रजीत उत्तर देत आले, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटतं, हे लिहिताना जे अडखळणं होतंय ते त्यामुळेही असेल. हे मराठीत लिहायचं ठरवलं, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती इंग्रजीत सांगायला गेले की फार छान वाटायला लागते. एकदा तसं झालं आहे, आणि तेच इथे सांगायचं आहे.

बाबा खाडीकाठच्या गावचे. आजोबांच्या वेळी तिथे रानात पारध व्हायची, आणि खाडीत भाल्याने मासे मारले जायचे. बाबांच्या हाताला भाला तिथेच लागला. दुबईत येऊन इतकी वर्षं झाली, तरी रविवारची सुट्टी आणि थंडीचे दिवस यांचं जमलं की ते भाला काढतात. हा भाला त्यांनी स्वतः केलेला. ए.सी.ची हवा नेणारे डक्ट टांगायला जे आटे पाडलेले लोखंडी रॉड असतात, त्यांच्या उरलेल्या तुकड्यांची टोकं घासून तीन दाते केले आणि ते एका लांब पाइपला बसवले. घरात तो कपाटामागे उभा असतो आणि झाडू घेताना आईच्या हाताला लागतो. मासेमारीचा परवाना त्यांच्या पाकिटात, आयडी कार्डाच्या मागे. डोंगर ओलांडून फुजैराच्या बाजूला गेलं की एका ठिकाणी खडकाळ किनारा आहे. ओहोटीला तिथे खडकांमध्ये कमरेइतकं पाणी उरतं, आणि त्या पाण्यात बाबा बगळ्यासारखे उभे राहतात. पाण्यात गेल्यावर मागे काय चाललंय, कोण हाक मारतंय, यातलं काहीही त्यांना कळत नसे. रफिकमामा म्हणायचे, "सदाच्या पाठीत कान नाहीत. घराला आग लागली तरी मासा गेल्यावर बघेल."

रफिकमामा रत्नागिरीकडचे. आई त्यांना भाऊबीजेला ओवाळते, म्हणून मामा. पिकअप त्यांची. बाबांबरोबर जाणारे दुसरे दिनूकाका, कराडकडचे, बाबांच्याच कंपनीत स्टोअर सांभाळतात. त्यांना पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, आणि मासा कुठला हे शिजल्यावरही ओळखता येत नाही. तरी एकही रविवार त्यांनी चुकवला नसेल. बर्फाची थर्माकोलची पेटी उचलायचं काम त्यांचं. "मी आहे म्हणून शिकार थंड राहते," असं ते म्हणायचे.

निघताना कुठे जाताय असं आई कधी विचारायची नाही. शिकारीला निघालेल्या माणसाला ते विचारू नये, असं बाबांच्या गावचं आहे. ती फक्त भाकऱ्यांचा डबा द्यायची आणि "या हं" म्हणायची. असे आणखी काही नियम होते. सुटलेल्या माशाची लांबी सांगायची नाही. तो केवढा होता हे हात पसरून दाखवायला दिनूकाकांना फार आवडायचं, पण बाबांसमोर त्यांची टाप नव्हती. "गेलो तो गेलो," बाबा म्हणायचे. "जो पेटीत नाय, तो समुद्राचो." आणि मासा मारला की बोटं पाण्यात बुडवून ती कपाळाला लावायची. हे कशासाठी, असं मी लहानपणी विचारलं होतं. "घेतला म्हणून सांगूचा लागता," इतकंच उत्तर मिळालं.

सगळ्यांत पक्का नियम वाट्यांचा. घरी परतण्याआधी किनाऱ्यावरच वर्तमानपत्र पसरून मासे कापायचे आणि वाटे घालायचे. गावच्या पारधीत बंदुकीचा एक वाटा असे, कुत्र्याचा असे, हाकाऱ्यांचे असत, आणि ज्याच्या हातून जनावर पडलं त्याला त्याच्या वाट्यावर डोकं मिळे. इथे बंदूक नव्हती, कुत्रा नव्हता. पण गाडीचा वाटा होता, म्हणून रफिकमामा दोन वाटे नेत. दिनूकाकांना काठावर उभ्या माणसाचा पूर्ण वाटा मिळे. आणि मुंडी, ज्याने मारला त्याची. आमच्याकडे ती नेहमी बाबांच्या ताटात असायची. दुसऱ्या कुणी मागितलेली मला आठवत नाही.

या सगळ्यात मी आले ती कॉलेजमुळे. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबांनी दहावीनंतर आयटीआय केलं, आईची बारावी राहून गेली. पहिल्या वर्षी मीडियाचा एक विषय घेतला होता. मॅडम लखनौकडच्या, हसून बोलायच्या, आणि त्यांनी सांगितलं की आपल्या घरात चालणाऱ्या एखाद्या कामाची फिल्म करा, साध्या साधनांत, पण एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसली पाहिजे. वर्गातल्या मुलींच्या घरी काय काय होतं. एकीची आजी अत्तरं बनवायची. एकीच्या वडिलांकडे ससाणा होता आणि तो ते वाळवंटात उडवायचे. माझ्या घरात काय होतं? मी बराच विचार केला, आणि कपाटामागचा भाला आठवला.

सामान म्हणजे आईचा रोजच्या वापरातला जुना फोन. माझ्या फोनची काच फुटलेली होती. फरशी पुसायच्या वायपरचा दांडा काढून त्याला फोन अडकवायचा चिमटा बसवला, सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळला. पाण्याचे शिंतोडे येतात म्हणून फोन प्लास्टिकच्या बंद पिशवीत, आणि आत वाफ धरू नये म्हणून नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या. पहिल्या रविवारी दिनूकाकांनी हे सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "सदाभाऊ, पोरगी शिकारीला आलीय का लादी पुसायला?"

त्या दिवशी बोय जातीचे चार मासे मिळाले. वाटे घालताना बाबांचा हात थांबला. माणसांचे तीन, गाडीचा एक. मग त्यांनी प्रत्येकातून थोडं थोडं काढून पाचवा ढीग केला आणि माझ्याकडे सरकवला.

"हा काय?" मी विचारलं.

"बंदुकीचो असता, गाडयेचो असता. मग कॅमेऱ्याचो नको?"

मला किती आनंद झाला होता. घरी येईपर्यंत तो पुडा मी मांडीवर धरून बसले होते. आईने तो वेगळा तळला आणि "हा माझ्या फोनचा वाटा" म्हणून मलाच वाढला. पुढे महिनाभर कॅमेऱ्याला वाटा मिळत राहिला, रविवारमागून रविवार, आणि माझ्याकडे बाबांच्या पाठीचं बरंच चित्रण जमलं. पाण्यात उभे बाबा. भाला वर घेतलेले बाबा. पण भाला पडतो आणि मासा वर येतो हे एकसलग कधी मिळेना. कधी ते खडकाआड असत, कधी पिशवीवर सूर्य चमके, कधी मासाच नसे. त्यांना जरा इकडे वळा म्हणून सांगायची सोय नव्हती, कारण त्यांच्या पाठीत कान नव्हते.

फिल्म जमा करायच्या आदल्या दिवशीही रविवार होता. उजाडायच्या आत निघालो. वाटेत कडक चहा झाला, भाकरी झाली. डोंगरातल्या बोगद्यांत फोनची रेंज जाते आणि पलीकडे उतरलं की परत येते, हे मला माहीत होतं. परत आल्यावर काय होतं, ते माहीत नव्हतं. किनाऱ्यावर पाणी नितळ होतं. बाबांनी चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, जी पुढे कमरेपर्यंत भिजतेच, आणि आत गेले. मी जवळच्या खडकावर दांडा रोवला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि फोनच्या पडद्याकडे न बघता बाबांकडे बघत राहिले. इतके दिवस त्यांना फोनमधूनच पाहत होते, त्या दिवशी का कोण जाणे नुसत्या डोळ्यांनी बघावंसं वाटलं.

ते फार वेळ उभे होते. मग भाला गेला. पाणी एवढंसं उडालं आणि बाबा दोन्ही हातांनी पाइप दाबून धरत खाली वाकले. वर आला तो हामूर. आमच्याकडे त्याला गोबरा म्हणतात. इतका मोठा मासा त्यांनी इथे कधी मारला नव्हता. तो पाइपसकट बाबांनाही हलवत होता. बाबांनी त्याला पोटाशी धरलं, एक हात मोकळा करून बोटं पाण्यात बुडवली, कपाळाला लावली. मग ते काठाकडे यायला लागले आणि मला म्हणाले, "काय गो बाय, गावला मां?"

मी पडद्याकडे बघितलं. रेकॉर्डिंग बंद पडलं होतं. मेमरी भरली, असं लिहून आलं होतं. बाबा पाण्यात पाय टाकतात तेवढंच आत होतं.

"नाही झालं," मी म्हणाले.

"काय नाय झाला?"

"रेकॉर्ड. मेमरी फुल झाली."

दिनूकाका पेटी घेऊन धावत आले होते. मासा पेटीत गेला आणि शेपटी थर्माकोलवर थाडथाड आपटू लागली. "फुल कशानं झाली?" ते म्हणाले. "आख्खा पिक्चर काढलास का काय?"

मी फोन पिशवीतून काढून दाखवला. बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या आईच्या गावच्या ग्रुपवरचं सगळं एकदम फोनमध्ये येऊन पडलं होतं. कुणाच्या तरी साखरपुड्याचे व्हिडिओ, दोन आरत्या, आणि शुभ सकाळचे गुलाब. गुलाबच गुलाब, दव पडलेले, कपबशीतले, गणपतीच्या पायाशी ठेवलेले. मी एक एक पुसायला लागले.

"रोज सकाळी पाठवतात मेले," दिनूकाका म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलं होतं, हे गुलाब एक दिवस आपल्याला बुडवणार." रफिकमामा हसले. मलाही थोडं हसू आलं. मी गुलाब पुसत होते, आणि तेवढ्यात कधीतरी पेटीतली थाडथाड थांबली. ते मला पुसून झाल्यावर लक्षात आलं.

बाबा खडकावर बसून पँट पिळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा काम अडला काय?"

इथे मी काय म्हणाले ते मला नीट आठवतं. मी म्हणाले, "इट्स ओके, बाबा." शब्द बरोबर होते. पण ते म्हणताना मी डोळे पुसले, आणि बाबांना दिसेल असे पुसले. ते मुद्दाम केलं का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. आता खात्रीने नाही म्हणता येत नाही.

बाबा उठले आणि त्यांनी पेटी उघडली.

"सदा, काय करतोस?" रफिकमामांनी विचारलं.

"काय नाय. पोरीचा काम आसा."

"अरे, मेलाय तो."

"माका म्हायत आसा."

त्यांनी मासा उचलला. त्याच्या एका कुशीला तीन भोकं होती. बाबा त्याला घेऊन परत पाण्यात गेले आणि दोन दगडांच्या मधे, भोकं खाली आणि चांगली बाजू वर, असा बसवायला लागले. तो बसेना. सोडला की आडवा होऊन वर यायचा, आणि बाबा त्याला पुन्हा दाबून बसवायचे, निजायला नकार देणाऱ्या मुलाला निजवावं तसं. शेवटी त्यांनी त्याच्या शेपटीवर एक दगड ठेवला. मग चार पावलं मागे आले, भाला वर घेतला, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"करू?"

मी हो म्हणून मान हलवली.

पहिल्या वेळी भाला लागला, पण मासा निसटून पांढरं पोट वर करून तरंगत आला. दिनूकाका मोठ्याने हसले. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले आणि पेटीतला बर्फ उगाच सारखा करायला लागले. दुसऱ्या वेळी सगळं नीट झालं, पण भाला टाकण्याआधी बाबांनी पुन्हा वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, कॅमेऱ्याकडे बघू नका ना," मी म्हणाले.

"बरा, बरा. चुकला माझा."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. माझे बाबा माझी माफी मागत होते. त्यांनी मासा पुन्हा बसवला. तिसऱ्या वेळी भाला गेला, पाणी उडालं, बाबांनी पाइप उचलला आणि मासा वर आला. मेलेला मासा भाल्यावर नुसता लोंबतो. बाबांना ते कळलं असणार, कारण त्यांनी स्वतःचा हात थरथरवला. पाइप हलला, मासा हलला, पाण्याचे थेंब उडाले, अगदी जिवंत वाटला. आणि मग ते हसले. मासा मारल्यावर बाबांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बोटं त्यांनी पाण्यात बुडवली नाहीत. कपाळाला काही लावलं नाही.

रफिकमामा तेवढा वेळ आमच्याकडे पाठ करून गाडीच्या टायरमधली हवा बघत होते. हवा ठीक होती.

वाटे नेहमीसारखेच घालायला घेतले. वर्तमानपत्र पसरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. बाबांनी मासा कापला. आता त्याच्या दोन्ही कुशींना भोकं होती. माणसांचे तीन, गाडीचा एक, कॅमेऱ्याचा एक. मग त्यांनी मुंडी उचलली, जराशी हातात धरली, आणि कॅमेऱ्याच्या वाट्यावर ठेवली.

"सदाभाऊ, मुंडी तुमची," दिनूकाका म्हणाले. त्यांना वाटलं, चुकून ठेवली.

"ज्याने मारला त्याची," बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, हे मला आजही वाटतं. बाबा टोमणे मारत नाहीत. ते नियम पाळत होते. त्यांनी मारलेला मासा त्यांच्या हिशेबाने सकाळीच मारून झाला होता, आणि कपाळाला पाणी लावून तसं सांगूनही झालं होतं. नंतर जे घडलं ते कॅमेऱ्यासाठी घडलं, म्हणून मुंडी कॅमेऱ्याची. मला वाटतं, तेव्हा "नको" म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण माझ्या डोक्यात जमा करायची वेळ, एडिटिंग, सबटायटल्स हेच चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर शॉट फार चांगला आला होता.

घरी आईने पुडा उघडला आणि मुंडी बघून थबकली. "ही तुमच्या वाट्यात का नाही?"

"बायची आसा," बाबा म्हणाले आणि आंघोळीला गेले.

आईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. तिने मला जवळ ओढलं, तिच्या हाताला माशाचा वास होता, आणि म्हणाली, "तू मारलास? अगं, सांगितलं नाहीस ते." मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले, म्हणजे पूर्ण हो नाही आणि नाहीही नाही. ती खाली बसली. विळीवर मुंडीचे दोन भाग केले, ताजा नारळ खवला, तिरफळं कुठल्याशा डब्यातून शोधून काढली, जी ती गणपतीलाच वापरते. मावशीचा फोन आला तेव्हा तिने तो चक्क उचलला. "मुलीने गोबरा मारलाय," ती म्हणाली. "हो, हिनेच. बापाने स्वतः मुंडी दिली."

जेवताना माझ्या ताटात मुंडीचे दोन्ही भाग. बाबा शेपटीकडचा तुकडा खात होते आणि शेजारच्या कॉम्प्रेसरबद्दल काही बोलत नव्हते. कालवण उत्तम झालं होतं. आई समोर बसून बघत होती. "डोळा खा," ती म्हणाली. "शिकाऱ्याने डोळा खायचा असतो." मी खाल्ला. बाबांनी माझ्याकडे न बघता भाताचा वाडगा माझ्या बाजूला सरकवला.

फिल्म वर्गात फार आवडली. इतकी की कॉलेजने पालकांना बोलावून काही फिल्म दाखवल्या, त्यांत माझी होती. बाबा लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून आले, आई साडीत, आणि गाडी रफिकमामांची म्हणून तेही आले. आत गार होतं. दिवे मंदावले आणि मोठ्या पडद्यावर माझे बाबा पाण्यात उभे राहिले. मी मागे आवाज म्हणून फक्त समुद्र ठेवला होता. भाला गेला, मासा वर आला, थरथरला, बाबा हसले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या हसण्याला टाळ्या होत्या. माझ्या डाव्या बाजूला आई टाळ्या वाजवत होती, पण तिचे हात हळूहळू थांबले. भाला माझ्या हातात नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे. त्या रात्री, किंवा त्यानंतरही कधी, तिने मला याबद्दल विचारलेलं नाही. मावशीला मात्र तिने पुढे काय सांगितलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

दिवे लागल्यावर मॅडमनी बाबांना उभं केलं. त्या हिंदीत बोलल्या, त्यांना सोपं जावं म्हणून. एवढा मोठा मासा मारलात, त्या क्षणी काय वाटलं? बाबांना खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलले तर माझं काय, हे एवढंच माझ्या मनात होतं. त्यांचं काय, हे नव्हतं. बाबा उभे राहिले. शर्टाचं बटण चाचपलं.

"वो मछली मेरी नहीं है, मॅडम," ते म्हणाले. "इसकी है. मुंडी भी इसी को गयी."

मॅडमनी छातीवर हात ठेवला. त्यांनी ते सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. हे वडील आपली शिकार आपल्या मुलीला अर्पण करत आहेत, असं काहीतरी. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जास्त. इंग्रजीत ते खरंच सुंदर वाटत होतं. रफिकमामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते आपल्या गाडीची किल्ली बघत होते. बाबा खाली बसले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बरोबर बोललंय मां? मार्क नाय ना कापूचे?"

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. ती फिल्म अजून कॉलेजच्या वेबसाइटच्या पानावर आहे आणि मी ती काढून टाका असं सांगितलेलं नाही. कारण मग का ते सांगावं लागेल, आणि ते सांगताना बाबांचं नाव येईल. हे कारण खरं आहे की सोयीचं, मला कळत नाही.

रविवार अजून होतात. त्यानंतरच्या थंडीत बाबांनी स्वतःच मला विचारलं, "येतंस मां?" निघण्याआधी ते फोन हातात घेऊन आईचे गुलाब पुसत बसले होते, चष्मा नाकावर घेऊन, एक एक करून. किनाऱ्यावर ते पाण्यात शिरले, उभे राहिले, आणि मासा आल्यावर त्यांनी भाला उचलला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तयार आहे की नाही ते बघायला. तेवढ्यात मासा गेला. "गेलो तो गेलो," ते म्हणाले. पुढच्या वेळीही तसंच. दिनूकाकांनी चेष्टा केली, "सदाभाऊ आता हिरो झाले, डायरेक्टरला विचारल्याशिवाय मारत नाहीत." बाबा हसले. ते हल्ली हसतात.

मग मी फोन घरी ठेवायला लागले. दांडा परत वायपरला लावला, आणि आई म्हणाली, बरं झालं. वाटे घालताना दिनूकाकांनी सवयीने पाचवा ढीग केला तेव्हा मी तो हाताने परत मोडला. मला वाटलं होतं की आता ते पूर्वीसारखे होतील. पण बहुतेक रविवारी पेटीत नुसता बर्फच परत येतो. बाबा पाण्यात उभे असतात, पाणी स्थिर होतं, खाली काहीतरी हलतं, भाला वर जातो, आणि ज्या पाठीला कान नव्हते ती वळते. ते माझ्याकडे बघतात आणि वाट बघतात. त्यांना माहीत असतं की माझे हात रिकामे आहेत.

मी खडकावरून लवकर लवकर हो म्हणून मान हलवते.